झांकीतल्या म्हातारीचा आवाज

रेकॉर्डिंगच्या आधी आठवडाभर मी दही, लोणचं आणि फ्रीजचं पाणी बंद केलं होतं. वहीत लिहून ठेवलं होतं: सकाळी कोमट पाणी, मग ज्येष्ठमध, मग मोठ्याने वाचन. संवादांच्या कागदावर श्वास कुठे घ्यायचा तिथे लाल पेनाने रेघा मारल्या होत्या, आणि जिथे रडायचं तिथे निळ्या. कोणतंही काम अंगावर घेतलं की आधी त्याची यादी करायची ही माझी सवय आहे. शाळेच्या ऑफिसात त्या सवयीवर माझी नोकरी चालायची. अभिनयही असाच नीट तयारी केली की जमेल, असं मला वाटलं होतं.

तेव्हा मी चाळिशीला टेकलेली होते. गोंदियात आमच्या मोहल्ल्यातलं नवरात्र मंडळ दर वर्षी झांकी करायचं. झांकी म्हणजे हलत्या मूर्तींचा देखावा. मातीच्या आणि कापडाच्या मूर्ती, आत गाडीच्या वायपरच्या मोटरी बसवलेल्या. कुणाचा हात वर जायचा, कुणाची मान वळायची. मागून रेकॉर्ड केलेले संवाद लावायचे. ते संपले की थोडी शांतता, आणि पुन्हा पहिल्यापासून, दुपारच्या आरतीपासून रात्रीच्या आरतीपर्यंत. मंडळात अर्धे लोक हिंदी बोलणारे, अर्धे मराठी, म्हणून एक वर्ष हिंदी झांकी आणि एक वर्ष मराठी. त्या वर्षी पाळी मराठीची होती. विषय होता म्हाताऱ्या आईला घराबाहेर काढणारा मुलगा आणि सून. आधीच्या वर्षांत आवाज नागपूरहून यायचे. यंदा सचिवांनी ठरवलं, मोहल्ल्यातलेच आवाज घ्यायचे. सचिवांचं हार्डवेअरचं दुकान होतं. मी तिथे नळाची तोटी घ्यायला गेले होते, आणि तोटीबरोबर म्हातारीची भूमिका घेऊन आले.

खरं म्हणजे मी ती मागून घेतली. ते म्हणाले, "म्हातारीसाठी कोणी मिळून नाही राहिलं, भाभीजी," आणि मी म्हणाले, "मी करू का?" म्हणताना कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. माझे वडील भंडाऱ्याला शिक्षक. लहानपणापासून त्यांनी माझे उच्चार घासून घेतलेले. स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन नेहमी माझ्याकडे असायचं, नाटकात मात्र मला कोणी घेतलं नाही. तू बोलतेस छान, पण तुझा चेहरा हलत नाही, असं नाटक बसवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या. आवाजाच्या कामात चेहरा लागत नाही. हे मी तोटी हातात घेऊन उभी असताना मनात पक्कं केलं.

घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "तू? म्हातारी? आणि ती पण उपाशी?" आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून हसला.

मामी काही म्हणाल्या नाहीत, कारण त्यांना मी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. सासरे गेल्यावर शेत ठेक्याने देऊन त्यांना आम्ही दवनीवाड्याहून गोंदियाला आणलं होतं. गुडघ्यांमुळे त्या फार चालत नसत. दिवसभर घरासमोरच्या ओट्यावर बसायच्या. आमची गल्ली जवळजवळ सगळी हिंदी. शेजारणी बोलायला यायच्या, मामी मान हलवायच्या, "हव, हव" म्हणायच्या आणि त्या गेल्या की मला विचारायच्या, "काय बोलून गेली वो थे?" मी सांगायचे. स्वच्छ, पुस्तकी मराठीत सांगायचे, कारण मला तशीच येत होती. निदान मी तसं समजत होते.

रेकॉर्डिंग लग्नाच्या व्हिडिओवाल्याच्या दुकानात होतं. मागच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या लावल्या होत्या, त्यांच्यावरची फुलं अजून दिसत होती. तरी बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ वैमानिकांचं विमान डोक्यावरून गेलं की सगळं थांबवावं लागायचं. मुलाच्या भूमिकेत एक विमा एजंट होता, सुनेच्या भूमिकेत ब्युटी पार्लरवाली. दोघांनीही कागद तिथेच पहिल्यांदा पाहिला. मला त्यांची कीव आली. माझ्या कागदावर रेघा होत्या.

मी माईकसमोर उभी राहिले आणि पहिला संवाद म्हटला. संवाद मंडळाच्या एका निवृत्त सदस्यांनी लिहिलेला होता: "हे पुत्रा, ज्या हातांनी तुला भरवले, ते हात आज एका घासासाठी पसरले आहेत."

स्टुडिओवाले भैया काचेमागून बाहेर आले. "दीदी, आप समाचार पढ़ रही हो."

मी पुन्हा म्हटला. निळ्या रेघेवर आवाज कापरा केला.

"अब आप ठंड में समाचार पढ़ रही हो."

पार्लरवाली खुदकन हसली. विमा एजंटने घड्याळ पाहिलं. पुन्हा केलं, पुन्हा केलं. मध्ये विमान गेलं. गादीचा वास, पंखा बंद, घाम. मला वाटलं आपण इथून उठून सरळ घरी जावं, तोटी परत करावी. भैया शेवटी वैतागले. "आपके घर में कोई बूढ़ी अम्मा नहीं है क्या? भूल जाओ कागज. वो कैसे बोलती है, वैसे बोलो."

मी कागद खाली ठेवला. आणि तोंड उघडलं तर आतून मामी बोलल्या.

"येक घास टाक वो बाई. येकच टाक. मंग जातो ना मी, राह्यतो का इथं? बापा! पोट होय का कोठी होय हे, भरतच नाही."

पुढचंही असंच आलं. बोलण्याआधीचं ते घशातलं खाकरणं, 'बापा' म्हणताना शेवटी खाली सोडलेला आवाज, आणि बायकांनी स्वतःबद्दल 'जातो, करतो' म्हणायची त्या भागातली रीत. कागदावरचं 'हे पुत्रा' कुठच्या कुठे गेलं. विमा एजंट खरोखरच गोंधळला आणि त्याचं चिडणं खरं वाटलं. संपलं तेव्हा पार्लरवाली कागद खाली धरून माझ्याकडे बघत होती. मग भैया म्हणाले, "ओके. ये ही रखेंगे."

घरी येताना मी रिक्षात बसून तोच संवाद पुन्हा पुन्हा मनात म्हणत होते. मला काहीतरी आलं होतं, जे आयुष्यात कधी आलं नव्हतं. कुणाचं आलं होतं, हा विचार मनात एकदाही आला नाही. इतकी नीटनेटकी बाई मी, प्रत्येक वस्तू कुणाची, कुठून आणली, कधी परत करायची ते लिहून ठेवणारी.

घटस्थापनेच्या दिवशी झांकी सुरू झाली. मंडप आमच्या गल्लीच्या तोंडाशी, आणि भोंगा आमच्या दिशेने. दुपारी मी शाळेतून आले, सायकल मंडपाजवळ थांबवली. मातीची म्हातारी हात पुढे करत होती, मागे घेत होती. माझा आवाज. बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. एक अनोळखी बाई दुसरीला म्हणाली, "कितना सच्चा बोल रही है ना?" मला तिच्या खांद्यावर थाप मारून सांगावंसं वाटलं.

शेजारची काकू तिथेच होती. तिने मला कोपराने ढोसलं. "कमाल केली बाई तू. मामींनाच नेलं होतं ना रेकॉर्डिंगला?"

"नाही, मी आहे ती."

"तू?" तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मग म्हातारीकडे. आणि मग जोरात हसली. "मी म्हटलं, मामी शेवटी बोलल्या वाटतं मनातलं! सांग खरं, जेवायला वाढतेस ना त्यांना?"

सगळं हसण्यावारी होतं. मीही हसले. पण सायकल ढकलत घराकडे येताना लक्षात आलं. 'वो बाई' ही हाक मामी फक्त मलाच मारायच्या. आणि आता ती हाक भोंग्यातून गल्लीभर चालली होती, 'येक घास टाक' या शब्दांसकट.

मामी ओट्यावर होत्या. मान एका बाजूला झुकवून ऐकत होत्या. मी समोर उभी राहिले. मनात सगळी तयारी केली: सांगू या, रागावतील, माफी मागू, सचिवांना सीडी बदलायला लावू. क्रम ठरला होता.

"हे कोन बाई होय वो?" मामींनी विचारलं. "आपल्याकडची दिसते."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी स्वतःचा आवाज ओळखला नव्हता. बाहेरून कधी ऐकलाच नव्हता ना त्यांनी. टेपरेकॉर्डरवर पहिल्यांदा आपला आवाज ऐकून माणूस कसा दचकतो, ते मला माहीत होतं. त्या तर दचकल्याही नाहीत. त्यांना तो दुसऱ्याच कुणाचा वाटला.

"असेल," मी म्हणाले.

"असल काय, आहेच! दवनीवाड्याच्या अंगची होय थे. 'टाक वो बाई' म्हनते पाह्य कशी." त्यांचा चेहरा उजळला होता. गोंदियात आल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. "राह्यते कोठं थे?"

"माहीत नाही, मामी."

हे इतकंसं बोलले आणि आत जाऊन भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती ती.

त्या दिवसापासून मामींचा दिवस त्या आवाजाभोवती लागला. दुपारची आरती झाली की ओट्यावर येऊन बसायच्या. भोंग्यातली म्हातारी बोलायची आणि मामी तिला उत्तर द्यायच्या. "बापा! पोट होय का कोठी होय हे..." असं तिकडून आलं की इकडून, "हव ना वो माय, पोटाले काय कळते." मुलगा ओरडला की त्या म्हणायच्या, "मुडदा!" आणि मातीच्या सुनेबद्दल जे बोलायच्या ते मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायचे. "राक्षसीन होय सून. ह्या सुनांचं असंच." मग मी दिसले की लगेच, "माही नाही बापा तशी. माही पोळी गरम देते." ते कौतुक मला पोळीच्या चटक्यासारखं लागायचं.

कधीतरी एकदा मीच विषय काढला. म्हटलं, निदान हे नाटक आहे एवढं तरी त्यांच्या डोक्यात बसवू या, म्हणजे जीव लावणार नाहीत.

"मामी, ते खोटं असतं सगळं. तिला खरंच कोणी उपाशी ठेवत नाही."

मामींनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच अडाणी ठरले. "मले समजत नाही का नाटक? गावची दंडार पाहून पाहून बुड्ढी झालो मी. नाटकच होय थे." मग म्हणाल्या, "पर बाई त खरी आहे ना? बोलनारी?"

मी दोरीवरचे कपडे काढायला घेतले.

"तिले येक दिस जेवाले बोलव. नवरात्र आहे. सचिवाले इचार, पत्ता देईन थो. माह्यासंगं बोलाले कोनी नाही इथं. तुम्ही सारे कामाचे मानसं."

'सारे कामाचे मानसं' यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मी म्हणाले, विचारते. विचारायचं काहीच नव्हतं. रोज शाळेतून आले की त्या विचारायच्या, "इचारलं का?" आणि मी रोज एक कारण सांगायचे. सचिव दुकानात नव्हते. सचिव नागपूरला गेले. सचिव म्हणाले ती बाई कामावर असते. खोटं बोलण्यातही माझी व्यवस्था होती. आदल्या दिवशी काय सांगितलं ते लक्षात ठेवून पुढचं सांगायचे.

खरं सांगायला इतकं काय अवघड होतं, असं मला नवऱ्याने विचारलं. त्याला मी एका संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. "सांगून टाक ना, हसतील त्या." मी म्हणाले, "तू सांग." तो म्हणाला, "मी कायले? आवाज तू केला." एवढ्यावर ते राहिलं. सुरुवातीला मला भीती होती की मामी चिडतील, मी त्यांची नक्कल करून गल्लीत हसं केलं म्हणतील. चारचौघांत सासूची नक्कल करणारी सून, हे शब्द माझ्याच डोक्यात मोठ्या अक्षरांत उभे होते. पण पुढे पुढे भीती बदलली. आता सांगितलं तर त्यांच्यापासून ती बाई काढून घ्यावी लागणार होती. आणि तिच्या जागी द्यायला माझ्याकडे दुसरं कोणी नव्हतं.

मी खटपट केली, नाही असं नाही. सचिवांकडे जाऊन म्हटलं, मला आवाज पुन्हा द्यायचा आहे, यात चुका आहेत. सचिव पेटीतले खिळे मोजून देत होते. "कोनच्या चुका भाभीजी? लोक आपल्या गोरेगाव तालुक्यातून पाहाले येऊन राहिले. बक्षीस पक्कं आहे आपलं." मग मागे वळून गिऱ्हाइकाला म्हणाले, "ये वही है, झांकीवाली बुढ़िया." गिऱ्हाईक हात जोडून म्हणाला, "नमस्ते माताजी." मी त्याच्याहून लहान असेन. आणि तरीही, हे लिहायला हवं, मला ते आवडलं. घरी जी गोष्ट घशाखाली उतरत नव्हती, ती दुकानात गोड लागत होती. लाज वाटायची ती याचीच जास्त.

नवमीला संध्याकाळी मंडळाचा सत्काराचा कार्यक्रम होता. मूर्तिकार, लाइटवाले, आवाज देणारे, सगळ्यांना शाल-श्रीफळ. सचिव सकाळीच आमच्या ओट्यावरून ओरडून सांगून गेले, "आज सब आवाजवाले स्टेज पे आएंगे!" मी आंघोळीला होते. बाहेर आले तेव्हा मामी स्वतः गॅसवर तवा ठेवून बसल्या होत्या. तांदळाच्या पिठाचे पातळ घावन घालत होत्या, आमच्याकडे त्यांना आयते म्हणतात. त्यांना उभं राहवत नव्हतं, म्हणून नवऱ्याने गॅसच्या ओट्याजवळ उंच स्टूल आणून दिलं होतं.

"कोणासाठी?" मी विचारलं, माहीत असून.

"थे येनार आहे ना आज. सचिव बोलून गेला. घरी नाही येत त मीच जातो तिच्याकडे. डबा भर माह्यावाला, स्टीलचा."

मी डबा भरला. आयत्यांमध्ये कागद घालून, नीट. तेव्हा सांगायला हवं होतं. ती शेवटची संधी होती हे मला डबा भरताना कळत होतं, आणि मी झाकण लावलं.

नवऱ्याने त्यांना स्कूटरवर मागे बसवून मंडपात नेलं. पहिल्या रांगेत काकूच्या शेजारी खुर्ची दिली. मांडीवर डबा, डब्यावर दोन्ही हात. त्यांनी धुवट नऊवारी काढून नेसली होती. मी मागे, आवाजवाल्यांमध्ये उभी होते. पार्लरवाली सजून आली होती, विमा एजंटने कोट घातला होता. मामी त्यांच्याकडे पाहत नव्हत्या. त्या आमच्या पलीकडे, कोणीतरी म्हातारी अजून यायची आहे अशा नजरेने पाहत होत्या. मला पाहून त्यांनी हात केला आणि काकूला काहीतरी सांगितलं. 'माही सून' असं असणार. मी तिथे कशाला उभी आहे असं त्यांना वाटलं असेल? बहुतेक मी मंडळाच्या कामाला लागले आहे, असंच. मी कामाचीच माणूस.

एजंटचा सत्कार झाला. पार्लरवालीचा झाला. सचिवांनी माईक हातात घेतला. "और अब, जिसने पूरे गोंदिया को रुलाया, आपली म्हातारी!" आणि माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे केलं.

टाळ्या झाल्या. मी माईकमध्ये म्हणाले, "नमस्कार. मंडळाने मला ही संधी दिली याबद्दल मी आभारी आहे." माझ्या आवाजात, समाचारच्या.

मागून कोणी ओरडलं, "बुढ़िया की आवाज!" मग सगळे. "बुढ़िया की आवाज! वही डायलॉग!"

मी नाही म्हणू शकले असते. डोकं दुखतंय, घसा बसलाय, काहीही. कारणं तयार करण्यात मी हुशार होते. पण खरं सांगायचं तर मला बोलायचं होतं. समोर माणसं होती, ती माझी वाट पाहत होती, आणि असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. मी वर दिव्यांच्या माळेकडे नजर लावली, म्हणजे पहिली रांग दिसणार नाही. आणि खाकरले.

"येक घास टाक वो बाई..."

सगळं म्हटलं. शेवटपर्यंत. स्टुडिओत झालं होतं त्याहून चांगलं झालं. मंडप टाळ्यांनी भरून गेला. मग नजर खाली आणावीच लागली.

काकू मामींच्या दंडाला धरून हसत होती, टाळ्या वाजवा म्हणून खुणावत होती. मामी मातीच्या म्हातारीकडे पाहत होत्या. मग माझ्याकडे. मग पुन्हा म्हातारीकडे. त्यांचे हात डब्यावरून उचलले गेले आणि त्यांनी दोन-तीनदा टाळी वाजवली, उशिरा, बाकीच्यांचं थांबल्यावर. मग हात परत डब्यावर ठेवले.

नवऱ्याने त्यांना स्कूटरवर घरी आणलं, मागून मी पोहोचले. मी शाल काढून खुर्चीवर टाकली. मामी पलंगावर बसल्या, गुडघे चोळले.

"मी अशी बोलतो?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "हो." मग म्हणाले, "नाही, म्हणजे मी जरा जास्तच केलं. नाटकासाठी." मग म्हणाले, "मामी, चुकलं माझं. तुम्हाला विचारायला हवं होतं."

त्यांनी हाताने ते सगळं बाजूला सारलं, जशा त्या ओट्यावरच्या कोंबड्या हाकलायच्या, गावी. माफी त्यांना नको होती. त्यांचा प्रश्न वेगळाच होता.

"मंग थे बाई नाही?"

"नाही."

"कोनीच नाही?"

"नाही, मामी. मीच."

त्यांनी मान हलवली. शेजारणींसमोर हलवायच्या तशी. "हव," म्हणाल्या. "हव." मग डबा उघडून माझ्या नवऱ्यापुढे सरकवला. "खाऊन घ्या बापा. गार होऊन राहिले."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागावर मला उपाय माहीत आहेत. त्या रात्री अंथरुणात पडून मला जे दिसलं त्यावर उपाय नव्हता. या घरची सून होऊन मला पंधराएक वर्षं झाली होती. त्यांचा प्रत्येक शब्द, प्रत्येक हेल, कुठे आवाज पडतो, कुठे चढतो, सगळं माझ्यात बसलेलं होतं. मला त्यांची बोली येत होती. इतकी येत होती की त्यांनाच ती दवनीवाड्याची वाटली. आणि या सगळ्या काळात एकदाही मी त्यांच्याशी त्या बोलीत बोलले नव्हते. बोलायला कोणी नाही म्हणून ज्या दिवसभर ओट्यावर बसून राहायच्या, त्यांच्याशी मी पुस्तकातलं बोलत राहिले, आणि त्यांचं बोलणं पहिल्यांदा काढलं ते व्हिडिओवाल्याच्या माईकसमोर.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी ठरवून, तयारी करून, ताट वाढलं आणि हाक मारली, "मामी, जेवाले येता का? भात वाढून राहिलो मी."

मामी आत आल्या. पाटावर बसल्या. माझ्याकडे बघत होत्या, हसतही नव्हत्या, रागावलेल्याही नव्हत्या.

"नोको," त्या म्हणाल्या. "तू आपलंवालं बोल. थे मशिनीत बरं लागते."

मी भात वाढला. वरण वाढलं. "तूप घालू?" मी विचारलं.

"घाल," त्या म्हणाल्या. 'टाक वो बाई' म्हणाल्या नाहीत.

झांकीला बक्षीस मिळालं. भैयांनी पुढे मला कामं दिली. साडीच्या दुकानाचा सेल, शिकवणी वर्गाची जाहिरात, पोलिओ डोसच्या तारखा. रिक्षावरच्या भोंग्यातून माझा समाचारवाला आवाज गोंदियाभर फिरायचा, आणि तो तिथे शोभायचा. मी कामं वेळेवर केली. म्हातारीच्या भूमिका पुन्हा दोनदा विचारल्या गेल्या, मी दुसऱ्यांची नावं सुचवली. भैया म्हणाले, "दीदी, आपकी असली चीज तो वही थी." असेल.

मामी पुढे बरीच वर्षं आमच्याकडे होत्या. त्या बोलायच्या, पण माझ्यासमोर शब्द जरा निवडून, कडेकडेने. 'घेऊन ये', 'ठेवून दे', असं. आपल्या बोलण्यावर कोणीतरी कान ठेवून आहे हे कळल्यावर माणूस जसं बोलतो तसं. मोकळं बोलणं फक्त फोनवर व्हायचं, धाकट्या बहिणीशी. ती दवनीवाड्यालाच दिलेली. नवऱ्याने मोबाइल घेऊन दिला होता. दुपारी तो घेऊन मामी मागच्या पडवीत जायच्या आणि मग सुटायच्या. हसणं, शिव्या, 'बापा', 'हव ना वो', एका दमात.

पडवी स्वयंपाकघराला लागूनच होती. एकदा मी चटणीचं वाटण घेऊन ओट्याशी उभी होते, आणि पडवीतून मामींनी बहिणीला काहीतरी असं सांगितलं की त्या स्वतःच हसत सुटल्या, आणि हसता हसता एक शब्द मधेच तोडून वर उचलला. मी तो हेल कधी ऐकला नव्हता. माझे ओठ हलले. आवाज न करता मी तो म्हणून पाहत होते. नेमका कुठे तोडला, कुठून उचलला.

मग लक्षात आलं काय करतेय ते. मी भांड्याचं झाकण दाबून मिक्सर सुरू केला, आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत तो चालू ठेवला.